पुस्तकांच्या कपाटाची पाठ

"कुठाय ते कपाट?"

दार उघडल्याउघडल्या आबांनी हेच विचारलं. कशी आहेस नाही, आत येऊ का नाही. डोक्यावर टोपी, खांद्याला खाकी कॅनव्हासची पिशवी आणि पिशवीच्या तोंडातून करवतीची मूठ बाहेर आलेली. रविवारचे सव्वादहा वाजले होते. माझ्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. ह्यांना दारातच थांबवावं की आत घ्यावं, हे माझं ठरेपर्यंत ते चपला काढून ओल्या फरशीवर पावलं उमटवत आत आलेसुद्धा.

"कुठलं कपाट?"

"पुस्तकांचं. शालू सांगत होती फोनवर. पाठ सुटलीय म्हणाली. पुस्तकं मागनं भिंतीकडं पडत्यात."

आबा म्हणजे विश्वनाथ फडतरे, माझे सासरे. कराडला राहायचे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात एकतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. सासरे म्हणायचं ते फक्त कायद्यानं, कारण त्यांचा मुलगा सुहास आणि मी वेगळे राहायला लागून चौदा महिने झाले होते. आमच्या आठ वर्षांच्या शाल्मलीला, म्हणजे शालूला घेऊन मी पुण्यात वारज्याला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होते. मुलीचा ताबा कोणाकडे असावा यावर कुटुंब न्यायालयात दावा चालू होता. बुधवारी तारीख होती. त्याआधी सोमवारी सकाळी अकरा वाजता कोर्टाच्या समुपदेशक बाई घर पाहायला येणार होत्या. मुलीला झोपायला, अभ्यासाला जागा आहे का, घर टापटीप आहे का, हे सगळं त्या लिहून नेणार होत्या. आणि सुहासच्या साक्षीदारांच्या यादीत दुसरं नाव होतं विश्वनाथ धोंडी फडतरे.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पण तो रविवार आठवला की अजूनही माझं कपाळ आधी आठ्यांनी भरतं, बाकीचं मग.

"शालू घरात नाहीये आबा," मी म्हटलं. "आज दुसरा रविवार. बापाकडे असते. संध्याकाळी सहाला येईल."

"माहिताय की," म्हणत त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

ते कपाट म्हणजे खोक्यातून सुट्या फळ्या येतात आणि आपण घरी जोडायच्या, त्यातलं. पाच खणांचं, माझ्या डोक्याच्या वर जाणारं. महिनाभरातच त्याची मागची पातळ हार्डबोर्डची पाठ एका बाजूनं खाचेतून निसटली होती. मी तिला तपकिरी चिकटपट्टी लावली होती. ती सुटली म्हणून तिच्यावर दुसरी. ती सुटली म्हणून आडवी तिसरी. आबांनी मान तिरकी करून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे काय बँडेज बांधलंयस होय गं?"

मी फोन घेऊन न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि माझ्या वकील सरंजामे बाईंना फोन लावला.

"हेमांगी, ते समोरच्या पार्टीचे साक्षीदार आहेत," बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "उद्याची व्हिजिट, बुधवारी त्यांची साक्ष, आणि आज ते तुमच्या घरात? उद्या म्हणतील साक्षीदारावर दबाव आणला. नाहीतर ते घरात काहीतरी बघून जातील आणि कोर्टात तेच सांगतील. चहासुद्धा देऊ नका. आत्ताच्या आत्ता घालवा."

"घालवते," म्हणून मी बाहेर आले. तोवर वरच्या दोन खणांतली पुस्तकं पलंगावर गेली होती.

"आबा, हे आज नको. उद्या माझ्याकडे..."

"उद्या बाई यायच्यात. ठाऊक आहे. म्हणूनच आज."

"अहो, पण मला घर आवरायचंय. मी आज सुट्टी घेऊन..."

"आवर की. मी कुठं अडवलंय?"

आणि तिसरा खण रिकामा करायला लागले. पुस्तकं त्यांनी लावली होती तीही उंचीप्रमाणे. शाल्मलीची चित्रांची, माझ्या कॉलेजातली, तिचा शब्दकोश, पाककृतींच्या वह्या, सगळ्यांची सरमिसळ करून पलंगभर सहा चवड्या. नुकतीच घातलेली पांढरी चादर धुळीनं करडी झाली. मी दात आवळून चहा टाकला. चहा देऊ नका म्हणाल्या होत्या, पण कराडहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या सत्तरीच्या माणसाला चहा द्यायचा नाही हे मला जमणार नव्हतं. आलं घालताना खरं तर त्या आल्याचाही मला राग येत होता.

चहा पिता पिता ते इकडेतिकडे पाहत होते. "पाणी किती वाजता येतं गं इथं?"

"सकाळी."

"किती वाजता?"

"साडेसहा ते आठ. का?"

"तसंच." मग शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढून त्यात त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, कपाटाची मापं असतील.

पुढचा दीड तास माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चिडचिडीच्या दीड तासांपैकी एक होता. कपाट त्यांनी पालथं घातलं, तेही बरोबर खोलीच्या मधोमध, म्हणजे स्वयंपाकघरात जायचं तर मला फळ्यांवरून उडी मारावी लागे. माझ्या तिन्ही चिकटपट्ट्या सोलून काढल्या. त्यांचा चिकटा निघेना म्हणून गरम पाणी मागितलं, मग खोबरेल तेल, मग जुनं फडकं, मग "हे नको, सुती दे." दर दहा मिनिटांनी हाक.

"हेमांगी, ही मधली फळी उलटी बसलीय."

"असू दे."

"असू दे कसं? पुढची कड मागं आलीय. खाच पुढं गेलीय. पाठ कशात अडकायची मग?"

मी फ्रीज पुसत होते.

"हेमांगी, जरा इकडं ये. हे धर." त्यांनी मोजपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. कपाटाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांतलं. "दोन्ही कर्ण सारखे यायला पाहिजेत. इथं किती फरक आहे, सांग."

"आबा, मला आयटीआयत घालताय का?"

"अकरा मिलीमीटर. म्हणजे कपाट काटकोनात नाही. कललंय. पाठ ही नुसती धूळ अडवायला नसतीय, सगळा सांगाडा सरळ धरून ठेवायचं काम तिचं. सांगाडाच वाकडा म्हटल्यावर ती कितीदा लावलीस तरी निघणारच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "जोडलं कुणी हे?"

"मी."

"एकटीनं?"

"हो."

"मग असंच होणार. एकट्या माणसाचं काम नव्हे हे."

मोजपट्टीच्या टोकावर माझी बोटं आवळली. जोडणीच्या कागदावर सुद्धा हेच होतं. एकट्या माणसाच्या चित्रावर फुली मारलेली, शेजारच्या चित्रात दोन माणसं हसत उभी. कागदावरच्या त्या फुलीकडे बघत मी एका शनिवारी सहा तास घालवून ते कपाट उभं केलं होतं. एक बाजू मांडीनं दाबून धरायची, दुसरीचा स्क्रू पिळायचा.

"एकटी होते म्हणून एकटीनं जोडलं," मी म्हटलं. आवाज चढला होता. "दुसरं माणूस कुठून आणायचं होतं? तुमच्या मुलाला बोलवायचं होतं?"

आबांनी मोजपट्टी गुंडाळली. तोंडातल्या तोंडात "बारीक चुका पाहिजेत, अर्ध्या इंची," असं काहीतरी म्हणाले आणि चपला घालून निघाले. बारीक खिळ्यांना ते चुका म्हणायचे. रविवारी वारज्यातली हार्डवेअरची दुकानं बंद असतात हे मी त्यांना सांगितलं नाही. फिरू दे म्हटलं.

पाऊण तास झाला, तास झाला. आबांचा पत्ता नाही. खोलीच्या मधे उघडंबोडकं कपाट पालथं, पलंगावर पुस्तकांचे डोंगर, फरशीवर तेलाचे ठसे, आणि उद्या अकराला समुपदेशक बाई. मला रडूच यायला लागलं होतं. त्यांची पिशवी तरी बाजूला सरकवावी म्हणून उचलायला गेले, तर तिच्याखाली डायरी राहिलेली दिसली. त्यात पेन होतं, त्यामुळे ती त्याच पानावर उघडली.

दुसऱ्याची डायरी वाचू नये हे मला कळतं. मी वाचली.

वर कपाटाची मापं होती. त्याच्याखाली, त्याच सुबक मास्तरी अक्षरात, लिहिलं होतं:

"शाळा, चालत ९ मिनिटे. रस्ता एकदाच ओलांडावा लागतो. सिग्नल आहे.

तळमजला, बापट बाई. पहाटे ५.२० ते ७ मूल त्यांच्याकडे. स्वच्छ घर. कुत्रा नाही.

जिना, कठडा मजबूत. दिवा दुसऱ्या मजल्यावर बंद.

अभ्यासाची जागा, खिडकीपाशी. उजेड डावीकडून. चांगला.

पाणी, ६.३० ते ८."

म्हणजे हा माणूस दार वाजवायच्या आधी माझ्या घराभोवती फिरत होता. वॉचमनला विचारलं असणार. खाली बापट बाईंच्या घरात जाऊन आला असणार. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. सकाळचे रक्ताचे नमुने घ्यायला मला पावणेसहाला पोचावं लागे. आठवड्यातले चार दिवस मी झोपलेल्या शाल्मलीला उचलून खाली बापट बाईंच्या पलंगावर ठेवायची. सरंजामे बाईंनी मला बजावलं होतं की हे समोरच्यांच्या हाती लागता कामा नये. आणि ते इथे वेळेसकट लिहिलेलं होतं. पाच वीस. मिनिटसुद्धा चुकलं नव्हतं.

पावणेदोनला आबा आले. कपाळावर घाम, हातात कागदाची पुडी. "थेट कर्वेनगरला जावं लागलं. एक दुकान अर्धं उघडं होतं. तू सांगितलं नाहीस आज बंद असतंय म्हणून?"

मी डायरी त्यांच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

त्यांनी डायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नाकारायचा प्रयत्नही केला नाही. पुडी खिडकीत ठेवली आणि पलंगाच्या कडेला, पुस्तकांच्या चवडीला धक्का लागणार नाही असे बसले.

"शालूला भेटायला आलाच नव्हतात तुम्ही," मी म्हटलं. "ती नसते तो रविवार बघून आलात. कपाट हे निमित्त. हेरगिरी करायला पाठवलंय तुम्हाला सुहासनं."

"सुहासला माहीत नाही. त्याच्या आईला सांगून आलोय, इस्लामपूरला लग्न आहे म्हणून."

"मग कशासाठी हे?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अडीच महिन्यांमागं सुहास कागद घेऊन आला. साक्षीचं प्रतिज्ञापत्र. त्यात अकरावा मुद्दा आहे. 'मी सदर घरी समक्ष जाऊन पाहणी केली असता, तेथे मुलीच्या राहण्याची व अभ्यासाची मोठी गैरसोय असल्याचे आढळून आले.' त्याच्याखाली माझी सही आहे."

"तुम्ही तर कधी आलाच नव्हतात इथे."

"कधीच नाही. आजच पहिल्यांदा."

"न वाचता सही केलीत?"

"वाचून केली." ते घाईनं म्हणाले, जणू मी तेवढी सूट देईन याचीच त्यांना भीती होती. "न वाचता केली म्हटलं असतं तर मलाच सोपं गेलं असतं. पण वाचलं होतं. पोरगा म्हणाला, कर, तर केली. आणि... नात घरात असावी असं वाटतंच की माणसाला. शालू कराडला येईल, माझ्यासमोर शाळेत जाईल, असं डोळ्यांसमोर आलं आणि हात पुढं झाला. हाव सुटली, दुसरं काय."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. आबा फरशीकडे बघून बोलत होते.

"एकतीस वर्षं पोरांच्या जर्नलवर सह्या केल्या. पोरगं सांधा घेऊन यायचं, मी गुण्या लावून काटकोन बघायचो, उजेडाला धरायचो, आणि मग सही. एकावरबी बघितल्याशिवाय सही केली नाही. पोरं रडायची, पाया पडायची, प्राचार्यांची चिठ्ठी आणायची. नाही म्हणजे नाही. आणि हितं नातीच्या बाबतीत..." त्यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. "बुधवारी मला पिंजऱ्यात उभं करणार. 'समक्ष पाहणी केली का?' विचारणार. म्हटलं, निदान बघून तरी यावं. सही आधी झाली, बघणं मागनं. उलटं झालंय. पण बघायचं तर नीट बघायचं."

मला खरं तर तेव्हा विरघळायला हवं होतं. पण मी विरघळले नाही. प्रतिज्ञापत्राची प्रत मलाही मिळाली होती, आणि अडीच महिने त्या अकराव्या मुद्द्यानं माझी झोप उडवली होती.

"झालं ना बघून?" मी म्हटलं. "मग काय सांगणार बुधवारी?"

"जे दिसलं ते."

"म्हणजे काय?"

"शाळा जवळ आहे. उजेड आहे. घर स्वच्छ आहे. पोरीची पुस्तकं दोनशे चौदा आहेत, मोजली मी. गैरसोय म्हणावी असं मला काही दिसलं नाही." मग माझ्या हातातली डायरी घेऊन खिशात घालत म्हणाले, "आणि तू पहाटे पाच वीसला झोपलेली पोर उचलून खाली नेऊन ठेवतीस. थंडीतसुद्धा. ते बरं नाही. तेपण सांगणार."

"आबा!"

"आहे ते आहे."

"अहो, त्या एका वाक्यावर माझी मुलगी जाईल! कळतंय का तुम्हाला? बाकीचं कोणी ऐकणार नाही, तेवढंच धरतील!"

"मला विचारलं तर सांगणार. एकदा खोटं लिहिलंय. आता तुझ्या बाजूनं अर्धं खरं बोलून ते पुसत नसतंय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती ती सुद्धा घासली. इतकी चीड मला सुहासची कधी आली नव्हती. सुहासशी भांडता यायचं. ह्या माणसाशी भांडून उपयोगच नव्हता. तो स्वतःलाही मोजत होता आणि मलाही, एकाच पट्टीनं.

पंधरा मिनिटांनी हाक आली. "हेमांगी. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही. ये जरा."

मी गेले. काय करणार? खोलीच्या मधे कपाट तसंच पडलेलं होतं. उलटी फळी त्यांनी सुलटी केली होती, खाचेत गोंद भरला होता. "तू त्या कोपऱ्याला गुडघा लाव आणि हा कोपरा माझ्याकडं ओढून धर. सोडायचं नाही." मी धरलं. त्यांनी कर्ण मोजले. "अजून. अजून जरा. बास." दोन्ही मापं सारखी आली तेव्हा त्यांनी मला मोजपट्टी दाखवली. मी नाही म्हटलं तरी दाखवली असतीच. मग हार्डबोर्ड खाचेत सरकवला आणि चार-चार बोटांवर एकेक चूक ठोकत चारी कडांनी फिरले. गुडघे टेकून, धापा टाकत. मी पाऊण तास तो कोपरा ओढून धरला. माझे दंड थरथरत होते. ठोकताना एकदा हातोडी त्यांच्या अंगठ्यावर बसली तेव्हा "आई गं" म्हणाले तेवढंच.

गोंद वाळेपर्यंत त्यांनी माझ्या हातचं पिठलं-भात खाल्लं. साडेचारला आम्ही दोघांनी मिळून कपाट उभं केलं. आबांनी खांद्यानं त्याला ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. पुस्तकं परत लावायला पावणेसहा वाजले, कारण त्यांना ती उंचीप्रमाणे हवी होती आणि मला विषयाप्रमाणे. शेवटी माझ्या पद्धतीनं लागली, पण तळाचा खण त्यांनी उंचीप्रमाणे लावून घेतलाच.

सहाला घंटी वाजली. दारात शाल्मली, आणि तिच्यामागे सुहास. तो एरवी खालूनच जायचा. त्या दिवशी तिच्या हातात मोठा पतंग आणि मांज्याची फिरकी होती म्हणून वर आला होता.

"आबा!" शाल्मली ओरडून आत धावली.

सुहास उंबऱ्यातच थांबला. आधी वडिलांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या हातोडीकडे. "तुम्ही इस्लामपूरला गेला होता ना?"

"नव्हतो गेलो."

"इथे काय करताय?"

"बघायला आलो होतो. अकराव्या मुद्द्यात लिहिलंय ना, समक्ष पाहणी केली म्हणून. ती आज केली."

सुहासचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आज आहे. त्यालाही मुलगी हवी होती, आणि कोणी तरी त्याला सांगितलं होतं की असंच लिहावं लागतं, सगळेच लिहितात.

"तिनं काय सांगितलं तुम्हाला?"

"तिनं काही सांगितलं नाही. दिसलं ते मीच बघितलं."

"आबा, तुम्ही नक्की कोणाचे साक्षीदार आहात?"

"तुझाच. बुधवारी येणार मी तुझ्याच गाडीतनं. पण अकरावा मुद्दा खोटा आहे, तेवढं मी कोर्टात साहेबांना सांगणार. तू आधीच वकिलाला सांगून ठेव, त्याची ऐन वेळी फजिती नको."

सुहास जिना उतरून गेला. आबांनी पिशवी भरली, शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सात वाजताच्या गाडीला निघाले. निघताना मला म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरचा दिवा बदलून घे."

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाई आल्या. वीस मिनिटं बसल्या, शाल्मलीशी बोलल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या. कपाटाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बुधवारी आबा पिंजऱ्यात उभे राहिले. अकरावा मुद्दा वाचून झाल्यावर म्हणाले, "हे लिहिलं तेव्हा मी घर बघितलेलं नव्हतं. रविवारी बघितलं. वाचून सही केली होती, चूक माझी आहे. शिक्षा असली तर द्यावी." सुहासच्या वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करायला परवानगी मागितली. सरंजामे बाई माझ्या शेजारी हसू दाबत होत्या. ते हसू फार टिकलं नाही. सुहासच्या वकिलांनी विचारलं, "आई पहाटे कामावर जाते तेव्हा मूल कुठे असतं?" आणि आबांनी पाच वीस ते सात, बापट बाई, तळमजला, थंडीतसुद्धा, सगळं सांगितलं. "हे बरं आहे असं तुमचं मत आहे?" "नाही. बरं नाही." मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

निकाल तीन महिन्यांनी लागला. शाल्मली माझ्याकडेच राहिली. आबा जे जे बोलले ते खरं मानावं असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं, कारण तो माणूस स्वतःलाही सोडत नव्हता. आणि मी कामाची वेळ बदलून घ्यावी, असंही लिहिलं होतं. मी ती बदलून घेतली. सुहास पुढची साडेचार वर्षं वडिलांशी बोलला नाही.

पण त्या बुधवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साक्ष संपली तेव्हा सुहास आणि त्याचे वकील भराभरा निघून गेले. गाडी सुहासची होती. आबा व्हरांड्यातल्या बाकावर टोपी हातात धरून एकटेच बसले होते. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. ओठ सुकले होते.

मी इतकी चिडलेली होते की त्यांच्यासमोरून तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा थांबले.

"आबा, घरी चला जेवायला."

"नको."

"का?"

"आज तुझ्याकडं जेवलो तर साक्ष जेवणासाठी फिरवली म्हणतील."

"आता कोण म्हणणार आहे? सगळे गेले!"

"नको म्हटलं ना."

"मग इथं कॅन्टीनमध्ये तरी काही खा. चक्कर येऊन पडाल."

ते उठले. मी मागोमाग गेले. कॅन्टीनमध्ये चारच टेबलं होती. ते एका टेबलाशी बसले आणि मी समोरची खुर्ची ओढली तशी त्यांनी हातानंच मला शेजारचं टेबल दाखवलं. मी जाऊन बसले. दोन टेबलांवर दोघं, एकाच दिशेला तोंड करून. त्यांनी मिसळ मागवली. मीपण. वाढपी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून गोंधळला.

"एकत्र आहे का वेगळं?"

"वेगळं," आबा म्हणाले.

वाढपी वळला. तेवढ्यात त्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्या मिसळीत तर्री कमी घाल. तिला तिखट सोसत नाही."